चाचणी प्रोसेसरची की ग्राफिक्स कार्डाची?

नवा प्रोसेसर बाजारात आला की एक आक्षेप ठरलेला असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी आला, तेव्हाही तो झालाच. आक्षेपक म्हणतात, परीक्षक सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि गेम १०८०पीवर चालवतात. असं खेळतं कोण? ४केवर चालवून बघा, महाग आणि स्वस्त प्रोसेसर एकाच मापाचे निघतात. म्हणजे चाचणी ही निव्वळ धूळफेक. आकडेच हवे असतील तर गिगाहर्ट्झ आणि कोअर खोक्यावर छापलेले आहेत.

खोक्याचा मुद्दा चटकन निकालात निघतो. एएमडीचाच रायझन ७ ५८००एक्स ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ५८००एक्स३डी ४.५पर्यंतच, कोअर दोघांचे आठ. तरी बहुतेक गेममध्ये दुसरा पुढे, कारण त्याची एल३ कॅश ३२ नव्हे, ९६ एमबी आहे.

४केचं तुणतुणं मात्र नीट तपासायला हवं. शत्रू कुठे वळला, गोळी कशाला लागली, समोर काय काय रेखाटायचं, हा हिशेब प्रोसेसर दर फ्रेमला करतो आणि मग काम कार्डाकडे सोपवतो. पडदा केवढा आहे याच्याशी या हिशेबाचा फारसा संबंध नाही. पिक्सेल रंगवायचे ते कार्डाने. १०८०पीत एका फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, ४केत त्याच्या चौपट. हे वाढीव ओझं कार्डावर पडतं. समजा, कार्डाला ४केत सेकंदाला ९० फ्रेमच जमतात. मग एक प्रोसेसर १२० फ्रेमचा असो, दुसरा २०० चा, दोघांच्या नावापुढे ९०च लागणार. याला बरोबरी म्हणणं म्हणजे घाटात ट्रकमागे अडकलेल्या दोन गाड्या सारख्याच वेगवान ठरवणं. ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या वाटेतले बाकीचे अडथळे काढायचे, हा चाचणीचा पहिला नियम. तो पाळणाऱ्यालाच लबाड म्हणायचं, धन्य तो तर्क!

आणि ‘असं खेळतं कोण?’ स्टीमच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षं १०८०पीच अव्वल आहे. ४केचा पडदा मिरवणारेही डीएलएसएस या चित्र मोठं करणाऱ्या तंत्राचा परफॉर्मन्स मोड लावतात, तेव्हा गेम आतून १०८०पीतच रेखाटला जातो आणि मग मोठा केला जातो.

डोळ्याला तीसच्या वर फ्रेम कळत नाहीत, गेमला चार कोअर पुष्कळ झाले, हेही एकेकाळी असंच ठणकावून सांगितलं जाई. ते दावे केव्हाच मोडीत निघाले. पवित्रा मात्र तोच: जे मोजायचं नाही, ते निरुपयोगी म्हणायचं.

मग करावं काय? १०८०पीचा आकडा प्रोसेसरची कमाल मर्यादा सांगतो. उद्या कार्ड बदललं की तीच आडवी येते. सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, बघावा. सरासरी १२० असली तरी मध्येच एखाद्या फ्रेमला ५० मिलिसेकंद लागले की खेळ अडखळतो. मोजणी ओसाड माळावर न करता बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकातल्या गजबजलेल्या शहरात करावी. एवढं पाहून ज्याला ४केतच खेळायचं आहे त्याने खुशाल कार्डावर पैसे घालावेत. पण तो निर्णयही कार्ड आणि प्रोसेसर वेगवेगळे मोजले गेले तरच घेता येतो.