तितराला तितराचीच भूल: तळवड्यात 'डिकॉय' वापरता येतो का?

अमेरिकेत वसंत ऋतूत टर्कीची शिकार करणारे शिकारी मैदानात प्लास्टिकची टर्की मांडतात आणि तोंडाने मादीचा आवाज काढतात. नर जवळ येतो. या नकली पक्ष्याला 'डिकॉय' म्हणतात. त्याचे रील्स आपल्याकडेही फिरतात. पण हाच प्रयोग तळवड्यात केला तर?

तळवड्यात आयटी पार्क आहे, लघुउद्योगांच्या शेड आहेत, देहू-आळंदी रस्त्याची वर्दळ आहे आणि शेजारून इंद्रायणी वाहते. मधल्या झुडपी, गवताळ जागा तितराला मानवतात. तितराचा नर आपल्या हद्दीबाबत फार हळवा असतो. दुसरा नर ओरडला की हा भांडायला धावतो. फासेपारधी पूर्वापार हेच हेरून पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवत आणि भोवती फास लावत. त्यांच्या नावातला 'फास' तोच. (इंग्रजांनी पारध्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, तो 1952 मध्ये कायद्याने पुसला. माणसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. तितर पकडणारा आज कोणीही असू शकतो.)

कायदा काय सांगतो? वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. अंडी किंवा घरटं विस्कटणंही. त्यामुळे 'मारला नाही, फक्त पकडला' हा बचाव टिकत नाही.

मग जबाबदारीने डिकॉय वापरायचा म्हणजे काय? अमेरिकेत हा प्रश्न माणसांच्या सुरक्षेचा आहे. गर्दीच्या रानात दुसरा शिकारी नकली पक्ष्यावरच गोळी झाडू शकतो. म्हणून डिकॉय नेताना पिशवीत झाकतात, केशरी कापड दाखवतात, रुंद झाडाला पाठ टेकून बसतात आणि कोणी येताना दिसला तर हात न हलवता मोठ्याने हाक मारतात. हललेला हात पक्षी वाटू शकतो.

आपल्याकडे शिकारच बंद, त्यामुळे उरतो मोबाईलवर वाजवलेला आवाज. फोटोसाठी तो अनेकजण वाजवतात. पण खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात नराची ताकद जाते, विणीच्या काळात घरटं उघडं पडतं. शिवाय रस्त्यालगत वाजवला तर पक्षी थेट वाहनांसमोर येऊ शकतो. लपून, शांत बसून वाट पाहणं हाच इथे चालणारा मार्ग.

झुडपात फास किंवा पिंजऱ्यातला तितर दिसला तर स्वतः हात न लावता वन विभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना मात्र नेमकं ठिकाण लिहू नये. ते पकडणाऱ्यांनाही दिसतं.