बरे झाल्यानंतरचे आजारपण

उन्हाळ्याच्या तोंडावर लालबागच्या मसाला गल्लीतून जाणाऱ्याला ठसका लागल्यावाचून राहत नाही. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांच्या राशी, धणे, दगडफूल, नागकेशर आणि पलीकडे कांडप यंत्रांचा अखंड आवाज. या गल्लीतला व्यापारी माल आधी नाकाने पाहतो, मग डोळ्यांनी. हिंगाचा खडा कोणत्या प्रतीचा आहे, लवंगेतले तेल आधीच काढून घेतले आहे काय, मिरची गेल्या वर्षीची तर नाही ना, हे त्याला तराजू हाती घेण्यापूर्वीच कळलेले असते.

असा एक व्यापारी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. वय पन्नाशीचे, पेढी वडिलांच्या वेळेपासूनची. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाने गाठले, काही दिवस प्राणवायूवर काढावे लागले आणि अखेरीस तो सुखरूप घरी आला. दारात औक्षण झाले. महिन्याभराने तो गादीवर बसला, सवयीने हिंगाचा डबा उघडला आणि काहीच आले नाही. पुढे काही आठवड्यांनी गंध परतला, पण विपरीत होऊन. हिंगाला जळक्या रबराचा वास, धण्याला कुजक्या पाल्याचा. त्याने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही, कारण नाक गेलेल्या मसालेवाल्याकडून माल कोण घेणार? मग पहाटे तीनला जाग येऊ लागली. रोजमेळात साध्या बेरजा चुकू लागल्या. जुन्या गिऱ्हाइकाशी तोंडातोंडी झाली. मुलाने विचारले, ‘पप्पा, तुम्हाला झालंय तरी काय?’ उत्तर आले नाही. पत्नीने समजूत घातली, ‘अहो, एवढ्या मोठ्या दुखण्यातून वाचलात, आता कसली चिंता?’

हे चित्र कल्पनेचे असले, तरी त्यातले एकेक लक्षण त्या दोन वर्षांत मुंबईतल्या असंख्य घरांनी पाहिले आहे. पत्नीचा प्रश्न प्रेमाचाच होता. पण त्यात एक समजूत दडलेली आहे, की आजार अहवालाबरोबर संपतो. वैद्यकाचा अनुभव तसा नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी एप्रिल २०२१ मध्ये, मुख्यतः अमेरिकेतील, सुमारे २ लाख ३६ हजार कोरोनामुक्तांच्या नोंदी तपासून एक पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी जवळजवळ ३४ टक्के लोकांच्या नोंदीत मेंदूच्या अथवा मनाच्या एखाद्या विकाराचे निदान आढळले. सुमारे १७ टक्क्यांना चिंतेचा विकार होता, तर १४ टक्क्यांना खिन्नतेसारखा मनोवस्थेचा विकार. काहींचे दुखणे अर्थातच जुने होते. परंतु साध्या फ्लूतून उठलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते आणि अतिदक्षता विभागातून परतलेल्यांत ते सर्वाधिक.

याची कारणे शरीरात आहेत. संसर्गाशी झुंजताना शरीरात जो दाह उसळतो, त्याची झळ मेंदूलाही लागते. तापात माणसाला कोपऱ्यात पडून राहावेसे वाटते, अन्न नको होते, कोणी बोलू नये असे वाटते, ते याच दाहामुळे. काहींच्या बाबतीत तो पुरता विझत नाही. गंभीर रुग्णांना स्टेरॉइड द्यावे लागले. ते प्राण वाचवते, पण झोप आणि मनोवृत्ती ढवळून काढते. अतिदक्षता विभागात दिवस-रात्रीचे भान हरपलेल्या रुग्णाला भ्रम होतात, आणि त्यांची भीतिदायक स्वप्ने घरी परतल्यावरही महिनोन्‌महिने पडतात. गंधाची गोष्ट तर आणखी वेगळी. इतर ज्ञानेंद्रियांच्या संवेदना मेंदूत एका मधल्या ठाण्यावरून फिरून जातात. गंध मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागाशी थेट जोडलेला असतो. तो हरपला की जेवणातली, घरातली, माणसांतली ओळखीची ऊब कमी होते. गंध गेलेल्यांत खिन्नता अधिक आढळते, त्यात नवल नाही. कांदा, लसूण आणि कॉफी यांचे वास अशा रुग्णांना विशेष विपरीत येतात. पहिल्या दोन वस्तू जैन स्वयंपाकघरात नसतातच, हे खरे. पण त्यांच्या जागी जो हिंग फोडणीत पडतो, त्यातही गंधकयुक्त द्रव्येच असतात.

रोगानंतरच्या या अवस्थेची नोंद जुनी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर कार्ल मेनिंजर या अमेरिकी डॉक्टरने बॉस्टनमधील अशा मनोरुग्णांवर १९१९ मध्येच लिहिले होते. मुंबईने तर त्याआधी प्लेग पाहिला. १८९६ मध्ये मांडवीच्या व्यापारी पेठेत तो प्रथम ओळखला गेला, तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रुग्णांना घरातून उचलून नेण्याची दहशत एवढी होती, की त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतील पहिले कोरोनारुग्णही तेथेच ठेवले गेले. मधल्या सव्वाशे वर्षांत उपचार पार बदलले, भीती मात्र फारशी बदलली नाही. गिरगावच्या चाळीत काय किंवा दादरच्या इमारतीत काय, रुग्णवाहिका दाराशी उभी राहिली की खिडक्या मिटत. आणि माणूस बरा होऊन परतल्यावरही काही शेजारी जिन्यात अंग चोरीत. बाजारात माणसाची पत शब्दावर चालते. ज्याच्या हातून कोणी पैसे घ्यायला कचरतो, त्याच्या मनावर तो ओरखडा किती काळ राहतो, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नसतो.

२०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ केला. रक्तदानाबरोबर बरे झालेल्यांकडून प्लाझ्माही घेण्यात आला. उपक्रम स्तुत्यच होता. त्या काळात बरे झालेल्या माणसाच्या रक्ताला मोठी मागणी होती. त्याच्या झोपेची चौकशी मात्र क्वचितच कोणी केली.

जैन घरांत या आजारपणाला एक वेगळीच आड मिळते, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. भूक मेली, तर ती तपश्चर्या ठरते. माणूस लग्नकार्य टाळू लागला, मुलाबाळांत रमेनासा झाला, तर ते वैराग्य मानले जाते. ‘दुखण्यानंतर फार धार्मिक झाले’ असे कौतुकाने सांगितले जाते आणि कित्येक महिने निघून जातात. वास्तविक फरक ओळखणे अवघड नाही. तपस्वी विचारपूर्वक पच्चक्खाण घेतो; त्याच्या उपवासाला आरंभ असतो, पारण्याचा दिवस असतो आणि चेहऱ्यावर प्रसन्नता असते. खिन्न माणूस काहीच ठरवीत नाही. त्याला ताट नकोसे होते, इतकेच. विरक्ताच्या मनात इतरांविषयी मैत्री वाढते. खिन्न माणसाला आपण सर्वांवर भार झालो आहोत असे वाटते. नुकत्याच मोठ्या आजारातून उठलेल्या व्यक्तीने आयंबिल किंवा अठ्ठाई मनावर घेतली, तर गुरुभगवंतांना सर्व स्थिती सांगावी आणि डॉक्टरांनाही विचारावे.

दुसरी चूक याच्या उलट होते. ‘हे आर्तध्यान आहे, सोडून द्या, माळ फिरवा’ असा उपदेश ऐकवला जातो. आर्तध्यानाच्या चार प्रकारांत शरीराच्या वेदनेतून उपजणारा प्रकार शास्त्रकारांनी स्वतंत्र सांगितला आहे. पोटात दुखणाऱ्याला केवळ माळ देऊन कोणी बसवत नाही, औषधही देतात; मेंदूच्या बाबतीतच वेगळा न्याय का? नवकाराने धीर येतो, तो घ्यावाच. पण जप करूनही उदासी हटत नाही म्हणून माणूस स्वतःला श्रद्धाहीन समजू लागला, तर एका दुःखात दुसऱ्याची भर पडते. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आहे, आणि ज्यांची सेवा करायची त्यांत ‘ग्लान’ आहे, हेही त्याच शास्त्रात लिहिले आहे.

क्षयाच्या रुग्णाच्या घरी हा विचार आणखी निकडीचा ठरतो. शिवडीचे क्षयरुग्णालय परळ-लालबागपासून फार दूर नाही, आणि हा रोग केवळ गरिबांना होतो हा भ्रमही बाजारपेठेतल्या अनेक घरांनी अनुभवाने टाकला आहे. उपचार निदान सहा महिने चालतात, मुलामुलींच्या सोयरिकीच्या धाकाने ते बहुधा लपवून चालतात, आणि हे लपवणेच मनाला पोखरते. शिवाय औषधांचाही मनाशी संबंध आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयाचे नवे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झालेले दिसले. त्या निरीक्षणातून खिन्नतेवरील पहिल्या औषधांपैकी एक जगाला मिळाले. याउलट, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी दिले जाणारे सायक्लोसेरिन काहींना उदास करते, क्वचित भ्रमिष्टही. म्हणून वृत्तीत बदल दिसताच तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. गोळी आपल्या मनाने बंद करणे मात्र घातक, कारण अर्धवट उपचारातून रोग अधिक चिवट होतो.

मदत केव्हा घ्यावी? उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ टिकले, तर. ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द निघाले तर त्याच दिवशी. तेव्हा माणसाला एकटे सोडू नये. परळच्या केईएम रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि नाव सांगण्याचा आग्रह नसतो. चारचौघांत ओळख असलेल्या कुटुंबांना ही सोय मोठी आहे. खिन्नतेवरील औषधाचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून ते सोडू नये. पेढीच्या माणसांनी आणखी एक ध्यानात ठेवावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विम्याची सोय करणे बंधनकारक केले आहे. पॉलिसीचा कागद त्या दृष्टीने एकदा वाचून पाहावा.

आणि तो मसालेवाला? नाकासाठीही एक साधा, चिकाटीचा उपाय आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गंधाचा सराव मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक काही सेकंद, मन लावून हुंगायचे, निदान बारा आठवडे. सर्वांना गुण येतोच असे नाही. पुष्कळांना काही अंशी येतो. लवंगेचा डबा त्याच्या हाताशीच आहे. तोवर माल पारखण्याचे काम मुलाकडे द्यावे, हिशेब दुसऱ्याने पडताळावा आणि गादीवर त्याला दिवसातून दोनच तास बसू द्यावे. मात्र हे सगळे त्याच्या माघारी ठरवू नये. त्याला शेजारी बसवून ठरवावे.