सिस्टरला सुई टोचली तर?

शहापूर-मुरबाडकरांनो,

भातलावणीला फार दिवस उरलेले नाहीत. लावणी सुरू झाली की कसारा, डोळखांब, धसईच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशाचे रुग्ण येतील, तापाची रांग लागेल. बाळंतपणं तर वेळकाळ बघून येत नाहीतच. अशाच एखाद्या रात्री तडफडणाऱ्या रुग्णाला सलाईन लावताना सिस्टरच्या बोटात वापरलेली सुई घुसते. ती हात धुते, पट्टी लावते आणि पुढच्या खाटेकडे वळते. कचरा उचलताना मावशींना सुई लागते तेव्हा त्या बोलतही नाहीत. नोकरी कंत्राटी, बोलून दाखवायचं कुणापाशी?

रुग्णाला ब प्रकारची कावीळ असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर लागणीची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्हीची साधारण हजारात तीन. धास्ती मात्र सगळ्यांना त्याचीच. काविळीची लस आहे: आज पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. केंद्राच्या फ्रिजमध्ये हीच लस नवजात बाळांसाठी ठेवलेली असते. बाळांच्या साठ्याला हात लावू नये, मोठ्यांसाठी वेगळी मागणी करावी. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही ही लस, धनुर्वाताची लस आणि वर्षातून किमान एकदा तपासणी बंधनकारक केली आहे. खासगी दवाखानेही त्यातून सुटलेले नाहीत.

म्हणून तुमच्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत जे कुणी बसतात, त्यांना गाठा. येत्या बैठकीत लसीकरणाचं रजिस्टर मागायला सांगा. नावं नकोत, आकडे पुरेत: सिस्टर, लॅबवाले, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, बाळंतिणीसोबत येणाऱ्या आशाताई, यांपैकी तिन्ही डोस किती जणांचे झाले? ज्यांचे राहिले त्यांचा पहिला डोस याच महिन्यात द्यायला लावा. दुसरा प्रश्न औषधाचा. सुई टोचल्यावर एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. धसईच्या सिस्टरला त्या रात्री कुठे मिळतात? कपाटात असतील तर किल्ली कुणाकडे? शेवटची एसटी गेल्यावर ‘सकाळी तालुक्याला या’ हे उत्तर चालणार नाही. गोळ्यांचा पहिला डोस केंद्रातच हवा, सुया टाकायचा न फुटणारा पांढरा डबा प्रत्येक खाटेजवळ हवा.

एक काम मात्र थेट तुमचं आहे. ‘तुम्हाला टोचलेली सुई मला लागली, तुमचं रक्त तपासू का?’ असं सिस्टरने विचारलं, तर तो संशय समजू नका. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही, अहवाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमचा अहवाल निर्दोष आला तर तिच्या २८ दिवसांच्या गोळ्या वाचू शकतात. घरच्यांशी आजच बोलून ठेवा आणि वेळ आली तर हो म्हणा.