कागद मागणाऱ्यांना एक प्रश्न

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया उचलणारा किंवा सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर कुठला, असे पूर्वी कोणी विचारत नसे. मुकादमाला हात हवे असत, माणूस नव्हे. 2024 च्या अखेरीपासून नवी मुंबई-पनवेल पट्ट्यात बांगलादेशींच्या शोधमोहिमा वाढल्या आणि बंगाली बोलणारा प्रत्येक मजूर संशयित ठरू लागला. घुसखोरी हा गुन्हा आहे व त्यावर कारवाईचा शासनाला अधिकार आहे, याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो बोलीवरून आणि तोंडवळ्यावरून नागरिकत्व ठरविण्याला.

जून 2025 मध्ये काय घडले? महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशात ढकलण्यात आले. ते भारतीयच निघाले, तेव्हा त्यांना परत आणावे लागले. 1998 मध्ये युती सरकारनेही मुंबईतून अशीच माणसे रेल्वेत बसवून पाठविली होती. उलुबेरिया स्थानकावर जमावाने त्यांना सोडविले.

आपल्या वस्त्यांतही ‘बरे झाले, हाकलले’ म्हणणारे आहेत. त्यांना बंगालशी आपले नाते ठाऊक नसावे. 1946 मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याची वाट उरली नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठविले. मंडल ज्या नमोशूद्र समाजाचे, तोच समाज फाळणीने निर्वासित केला. त्यांची कुटुंबे दंडकारण्यात, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही वसविली गेली. दंडकारण्यातून सुंदरबनातील मरीचझापीला गेलेल्यांवर 1979 मध्ये डाव्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. स्वतःला गरिबांचे म्हणविणारे सरकार होते ते!

पाकिस्तान अस्पृश्यांना सफाईच्या कामासाठी अडकवून ठेवीत आहे, अशी तक्रार बाबासाहेबांनी डिसेंबर 1947 मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्राने केली होती. निर्वासिताचे दुःख त्यांना जातीसकट दिसत होते. तरीही पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्व देणारे घटनेचे 6 वे कलम कोणाचाही धर्म विचारीत नाही. 2019 च्या दुरुस्तीने तो विचारला. तिच्या यादीत ‘बौद्ध’ शब्द दिसताच आपल्यातील काहीजण हुरळून गेले. मुसलमान वगळले गेले, हे त्यांना खटकले नाही. वास्तविक अरुणाचलातील चकमा निर्वासित बौद्धच. त्यांना 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले ते 21 व्या कलमाखाली, आणि त्या कलमात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ आहे.

आता कागदांचे पाहू. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले. त्याच वर्षी उशिरा नोंदलेल्या जन्मदाखल्यांची राज्यात चौकशी सुरू झाली. मग 1972 च्या दुष्काळात गाव सोडलेल्याने काय दाखवावे? 1978 च्या नामांतर दंगलीत ज्याचे घर जाळले, त्याच्या बापाचा दाखला कोणत्या राखेत शोधायचा? पारध्याच्या पालावर तर जन्माची नोंद घ्यायला कोणी गेलेच नव्हते.

पुढच्या वेळी नाक्यावरून माणसे उचलली गेली, तर आपल्या वस्तीतल्या वकिलांनी ठाण्यात जावे आणि विचारावे: अटकेचे कारण सांगितले का, घरी कळविले का, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले का? 22 व्या कलमाचे हे संरक्षण बंगाली मजुरालाही आहे.