बाकाची ढिली भोके

घरी बनविलेल्या सुतारी बाकावर रंधा मारताना फळी सरकू नये म्हणून भोकांत खुंट्या बसवितात. भोक ढिले झाले की खुंटी कलते, फळी निसटते आणि हात धारेवर जाण्याचे भय उत्पन्न होते.

पावसाळ्यात खुंटी फुगून अडकली, तर भोक वाढवू नये. खुंटीच किंचित तासावी. खुंटी नवी करणे सोपे, भोक पूर्ववत् करणे कठीण.

झिजलेल्या भोकात भुसा व सरस भरणे व्यर्थ होय. धक्क्यासरशी ते भरण निघून येते. त्याऐवजी भोकाभोवती दीड इंच चौरस जागा पटाशीने आरपार कोरावी. तीत त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा ठोकळा सरस लावून घट्ट बसवावा. त्याचे तंतू बाकाच्या फळीच्या तंतूंना समांतर असावेत, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे दोन्ही लाकडे एकाच दिशेने फुगतात व आटतात.

सरस पूर्ण वाळल्यावर ठोकळा रंध्याने सपाट करावा व मध्यबिंदू आखून खुंटीच्या मापाचे, बहुधा पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर व्यासाचे, भोक पाडावे. गिरमिट सरळ उभे आहे ना, हे गुण्या लावून दोन बाजूंनी पाहावे.

खुंटी अंगठ्याच्या दाबाने उतरावी, परंतु डुलू नये. एवढे साधले की बाक पुन्हा भरवशाचे झाले.