पाठीमागचा खर्ज

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर येथील एका वाचक कुटुंबाने आम्हांस विचारले आहे, की घरातील होम थिएटरच्या मागील दोन स्पीकरांस आणखी एक सबवूफर जोडावा की न जोडावा. मुलाने तो विकत आणून ठेवला आहे. वडिलांचे मन मात्र घेत नाही. कारण मागील भिंतीपलीकडे धाकट्या भावाचे बिऱ्हाड असून आजींचे अंथरूण त्या भिंतीलाच लागून आहे. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे.

सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचा स्पीकर. तबल्याच्या जोडीत जे काम डग्ग्याचे, ते या संचात त्याचे. डॉल्बी डिजिटल पद्धतीचा आवाज घेऊन १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ हा चित्रपट आला. त्या पद्धतीत पाच स्पीकरांचे पाच आवाज पूर्ण असतात आणि सहावा फक्त खर्जाचा, सेकंदास १२० कंपनांपर्यंतचा. ‘पाच पॉइंट एक’ यातील ‘एक’ तो हाच. मागील स्पीकरांच्या वाट्यास बहुधा पावसाची सर, पाखरांची फडफड, गर्दीचा गलबला असे आवाज येतात. त्यांत जो थोडा खर्ज असेल तो, यंत्रात मागील स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून नोंदविले असल्यास, यंत्र आपण होऊन सबवूफरकडे वळविते. ही वाटणी बहुधा ८० कंपनांवर करतात. टीएचएक्सच्या मानकांतही हाच आकडा आहे. त्याच्या खालचा आवाज कोणत्या बाजूने आला हे बंद खोलीत आपल्या कानास जवळजवळ ओळखता येत नाही. तेव्हा मागचा खर्ज मागूनच ऐकू यावा म्हणून चिरंजीवांनी पैसे खर्च केले असतील, तर तो हेतू फारसा साधणार नाही.

तथापि दुसऱ्या सबवूफरचा एक खरा उपयोग आहे, आणि तो समजण्यास मोठ्या चर्चमधील पाइप ऑर्गन डोळ्यांपुढे आणावा. त्यातील सोळा फुटी नळ्यांचा सर्वांत खालचा सूर सेकंदास सुमारे ३३ कंपनांचा असतो. उघड्या नळीतून तो सूर निघण्यास साधारण तेवढी लांबी लागते. आपली बैठकीची खोलीही अशीच एक नळी होय. ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर धावतो. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ कंपनांचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून बसतो; भिंतीपाशी तो घुमघुमतो आणि मधोमध बसलेल्यास जवळजवळ ऐकूच येत नाही. एकाच घरात एक म्हणतो, ‘डोके उठले’, आणि दुसरा म्हणतो, ‘वाढव की जरा!’ ते यामुळेच. समोरासमोरच्या दोन भिंतींशी, मध्यावर, दोन सारखे सबवूफर एकाच तालाने वाजविले, तर एकाने उठविलेली ही घूम दुसरा दाबून टाकतो आणि सर्व बैठकींवर खर्ज बराच सारखा पडतो. टॉड वेल्टी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच मांडणी चांगली ठरली होती.

आता तारेविषयी. मागील स्पीकरांच्या तारेवरून नव्या सबवूफरला आवाज देऊ नये. तेथे खर्ज उरलेलाच नसतो. शिवाय तो सबवूफर स्वतःचा ॲम्प्लिफायर नसलेला असेल, तर आठ ओहमच्या स्पीकरास आठ ओहमची दुसरी जोड मिळून भार चार ओहमचा होतो व यंत्र तापते. रिसीव्हरच्या पाठीमागे ‘सब-आउट’ असे छिद्र असते. तेथून दुफाटा तार लावून दोन्ही सबवूफरांस एकच आवाज द्यावा. ज्या स्वस्त संचांत ॲम्प्लिफायर सबवूफरच्याच खोक्यात बसविलेला असतो, त्यांस हे छिद्र पुष्कळदा नसते. अशा संचाच्या मागे लागू नये; खोके दुकानदारास परत करावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

राहिली भिंत. खर्ज लांब जातो व भिंतीतूनही जातो. दिवाळीच्या सुमारास दंडारीचे ढोल वाजू लागले, की दूरवर बाकीचे सूर विरून जातात आणि घुमारा तेवढा पोहोचतो, हे नार्नूरकरांस आम्ही काय सांगावे! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण मोजणीची जी रीत त्यात आहे ती खर्ज पुष्कळ कमी धरते. आकडा नियमात बसला तरी आजींची झोप मोडू शकते.

म्हणून भिंतीचा मध्य शास्त्राला कितीही पसंत असला, तरी या घरात नवा सबवूफर सामाईक भिंतीशी ठेवू नये. तो बैठकीच्या अगदी पाठीशी, खाली जाड रबराचा तुकडा घालून ठेवावा. कानाजवळ असल्याने तेथे थोडा आवाज पुरतो. खोक्यावरील ‘फेज’ची कळ दोन्हीकडे फिरवून पाहावी व ज्या बाजूस बैठकीवर खर्ज अधिक भरेल तेथे ठेवावी. दोघे मिळून आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढवितात; तो तेवढाच उतरविला, तर प्रत्येकास पूर्वीच्या चौथाई शक्तीतच काम करावे लागते.

मग एके संध्याकाळी चिरंजीवांनी चित्रपट लावावा आणि वडिलांनी पलीकडे जाऊन आजींच्या उशाशी बसावे. पत्रा किंवा फळीवरची भांडी वाजत असतील तर तेही तेथेच कळेल. आजी ‘आता नाही बाई काही ऐकू येत’ म्हणतील तेथे आवाजाच्या बटणापाशी खडूने खूण करावी, आणि दहानंतर मागील खोक्याचा स्विच बंद करावा.