आरशासाठी पोट, दवाखान्यासाठी पाठ

आपल्या जिममध्ये छाती, दंड, खांदे यांना आठवड्याचे वार वाटून दिलेले असतात. हे सगळं ज्याच्यावर उभं आहे त्या धडाच्या मधल्या भागाला मात्र स्वतःचा वार नाही. त्याच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं येतात. त्यात घाईघाईने मारलेले पन्नास क्रंच, तेही मानेला हिसके देत. ट्रेनर मोबाइलमध्ये डोकं घालून आकडे मोजतो. मग शर्ट वर, फोटो, घरी. याला कोअर ट्रेनिंग म्हणायचं आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे, ही फसवणूक आहे. हा शब्द मी पूर्ण विचाराने वापरतो आहे.

मी गेली अनेक वर्षं मुलांना बारखाली उभं करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत एक प्रकार ठरलेला असतो. वय बावीस-तेवीस, दंड बाहीत मावत नाहीत, आणि हातात एमआरआयचा लिफाफा. आत बहुतेक वेळा एल-फोर-एल-फाइव्ह किंवा एल-फाइव्ह-एस-वनची गादी सरकल्याचं लिहिलेलं. कुणाची तरी रील बघून डेडलिफ्ट वाढवत नेलेली असते. "सर, बेल्ट लावला होता की," असं वर सांगतो. पोटात श्वास भरून धड कसं घट्ट करायचं, हे त्याला कुणी एकदाही शिकवलेलं नसतं. अशाच एकाला पाठ दुखायला लागल्यावर त्याच्या ट्रेनरने सांगितलं होतं, "भावा, चांगलं लक्षण आहे, पाठ बनतेय." त्या ट्रेनरचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे. मुलगा आज पाच मिनिटं सलग खुर्चीत बसू शकत नाही.

यातलं शास्त्र अवघड नाही, म्हणूनच मला राग येतो. स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडं, गाद्या आणि अस्थिबंध उरलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत दाबून पाहिलेला आहे. सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे नऊएक किलोच्या भाराला तो लचकून कोसळतो. पुरुषांचा ऑलिम्पिक बार रिकामाच २० किलोचा असतो. मग शंभर-दोनशे किलो पेलतं कोण? पुढचे सरळ स्नायू, बाजूचे तिरके, त्यांच्या आत पोटाला वेढून बसलेला आडवा स्नायू, मागे मणक्यामणक्याला धरून असलेले छोटे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. श्वास आत घेऊन हे सगळे एकाच वेळी आवळले की पोटात दाब तयार होतो आणि कणा जागच्या जागी राहतो. भरलेल्या टायरवर दहा टनांचा ट्रक उभा राहतो, हवा गेलेल्या टायरवर रिकामा ट्रकसुद्धा रिंगवर बसतो. आमची मुलं हवा न भरता माल चढवत आहेत आणि ट्रेनर बाजूला उभं राहून "अजून एक, अजून एक" ओरडत आहेत.

ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये तर लपवायला जागाच नाही. जर्कमध्ये गुडघे किंचित वाकवून पायांनी मारलेला झटका धडातून जाऊन बारपर्यंत पोहोचायचा असतो. त्या क्षणी बरगड्या पुढे सुटल्या, कंबर आत गेली, की पायांची ताकद मधेच जिरते आणि बार पुढे पडतो. मीराबाई चानूने एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला, तो ४९ किलो वजनी गटात. स्वतःच्या दुपटीहून जास्त वजन. पण त्याआधीचं वर्तमानपत्रात कमी छापून आलेलं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१७ ची ही जगज्जेती कमरेच्या दुखण्यामुळे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेला मुकली. २०२० मध्ये ती अमेरिकेत सेंट लुईसला एरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली आणि तिथे भर होता तो शरीरातला असमतोल शोधून दुरुस्त करण्यावर. टोकियोचं रौप्य त्यानंतर आलं. जगातल्या पहिल्या फळीतली लिफ्टर असं कंटाळवाणं, फोटो न निघणारं काम करायला परदेशी जाते आणि आमच्या गल्लीतल्या पठ्ठ्याला त्याची गरज नाही म्हणे!

गरज नसल्याचं कारणही ठरलेलं आहे. "स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मारतो ना, त्यात कोअर आपोआप होतं." हे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. या दोन्ही व्यायामांत पाठीचे उभे स्नायू भरपूर राबतात, हे मान्य. पोटाच्या पुढच्या आणि बाजूच्या स्नायूंवर त्या मानाने पुष्कळ कमी काम येतं. वजन दोन्ही पायांवर सारखं, दोन्ही हातांत सारखं, मग बाजूला झुकण्याला किंवा पिळण्याला विरोध करायची वेळ येते कुठे? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्याच्या यांत्रिकीवर आयुष्य घालवलेल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी स्ट्राँगमन खेळाडूंची मोजमापं घेतली. अवजड ओझं घेऊन चालताना, एक पाय हवेत असतो त्या क्षणी, नुसती खुब्याच्या सांध्याची ताकद पुरत नाही, धडाच्या बाजूचे स्नायू ओटीपोट वर धरून ठेवतात, असं त्यांना दिसलं. स्क्वॉटसाठी बार रॅकवरून खांद्यावर घेऊन मागे टाकायची दोन पावलंसुद्धा एका पायावरच टाकावी लागतात. कितीतरी जण तिथेच कंबर लचकवून घेतात.

बॉडीबिल्डरांची सबब वेगळी: कंबर जाड होते. साइड प्लँक, बर्ड-डॉग, एका हातात डंबेल घेऊन सरळ चालणं, यांनी कंबर जाड झालेला माणूस मला दाखवा. व्यावसायिक मंचावर आज जी सुटलेली पोटं दिसतात त्यांचा दोष प्लँकला देणाऱ्याने आधी त्यांच्या ताटात आणि सुयांमध्ये काय असतं ते बघावं. फ्रँक झेन १९७७ ते १९७९ अशी सलग तीन वर्षं मिस्टर ऑलिम्पिया झाला, २०० पौंडांपेक्षा कमी वजनात, आणि त्याची ओळख बनली ती पोट पाठीला लावणारी व्हॅक्यूम पोझ. ती आतल्या आडव्या स्नायूवर मिळवलेल्या ताब्याशिवाय जमत नाही. स्पर्धेत पोट आणि मांड्यांची पोझ सक्तीची असते, तरी त्या पोटाकडून काम करून घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. तीन दिवस पाणी तोडून उठवलेल्या रेषा म्हणजे ताकद नव्हे. ती कातडी पातळ झाल्याची खूण आहे.

बेल्टचंही तेच. बेल्ट वाईट नाही. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतही १२ सेंटिमीटर रुंदीपर्यंतचा चालतो. पण त्याचा उपयोग पोट त्याच्यावर आतून दाबण्यासाठी असतो. ज्याला पोट दाबताच येत नाही त्याच्या कमरेला तो नुसता चामड्याचा तुकडा. दंडाचे कर्ल मारतानाही बेल्ट बांधून हिंडणाऱ्या पोरांना टोकायची हिंमत जिमच्या मालकांत नाही, कारण तो बेल्ट काउंटरवर त्यांनीच विकलेला असतो.

आणि ते सकाळी साडेपाचचे शंभर सिट-अप! झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी उंचीही किंचित जास्त भरते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. नेमक्या त्या वेळी पोरांना जमिनीवर पाडून कंबर शंभर वेळा दुमडायला लावतात. अमेरिकी लष्कराने आपल्या शारीरिक चाचणीतून सिट-अप हद्दपार केले आणि २०२२ पासून प्लँक घेतला. आमचे बॅचवाले सर अजून शिट्टी वाजवत आकडे मोजतात.

आपल्या तालमींत हे ज्ञान होतं, याची चीड अधिक आहे. एका हाताने जड लाकडी करेला खांद्यामागून फिरवताना धड पिळलं जाऊ द्यायचं नाही, जोर मारताना कंबर लोंबू द्यायची नाही, फावड्याने हौद्यातली माती उकरताना पाय रोवून अंग घट्ट ठेवायचं, हे वस्ताद पोराच्या पाठीत काठी टोचून शिकवत. तालमीत सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, हजार बैठकांच्या हट्टापायी गुडघे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण धडाकडे दुर्लक्ष करून कुणाला मातीत उतरवत नसत. आरसे लावले आणि करेला कोपऱ्यात धूळ खात पडला.

माझ्याकडचा नियम सांगतो. नवा मुलगा आला की आधी साइड प्लँक, डावीकडे आणि उजवीकडे. दोन्ही बाजूंत मोठा फरक निघाला तर बारला हात नाही. मॅकगिल यांचे तीन व्यायाम, कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड-डॉग, दहा-दहा सेकंद धरून सोडायचे, रोज, आणि सत्राच्या सुरुवातीला. पाच-पाच मिनिटं प्लँक धरून थरथरण्याचा तमाशा इथे चालत नाही. पोटात श्वास भरून धड आवळायला आलं, डंबेल एका हातात घेऊन न झुकता चालता आलं, की स्क्वॉट. बेल्ट त्यानंतर, तोही फक्त जड सेटला. दोन महिन्यांत दंड का फुगले नाहीत म्हणून पालक भांडायला येतात. त्यांना मी फी परत देतो आणि दार दाखवतो.